पोटाला विचारून पळणं

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हा आतड्याचा जुनाट त्रास, असलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात आणि ते एकमेकांच्या बरोब्बर उलटे असतात. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, चाला, पळा, पोटाला बरं वाटेल. आपण ते मनावर घेतो, बूट घालतो, बाहेर पडतो, आणि दहा-पंधरा मिनिटं होतात न होतात तोच खालच्या पोटात कळ येते आणि मग पुढचा सगळा वेळ जवळचं टॉयलेट कुठे आहे या एकाच विचारात जातो. घामाघूम होऊन, पांढरंफटक तोंड घेऊन घरी आलो की दुसरा सल्ला घरातून मिळतो, कशाला जिवाला त्रास करून घेतेस, सोड ना ते पळणं.

मला विचाराल तर दोघंही खरं बोलतायत. फक्त डॉक्टर महिन्यांबद्दल बोलतायत आणि घरचे तासाभराबद्दल. आयबीएसमध्ये तासाचा हिशोब वेगळा असतो आणि महिन्यांचा वेगळा. जोरात पळण्याच्या त्या एका तासात पोट ढवळून निघू शकतं, आणि तेच पळणं दोन-तीन महिने जमेल तसं चालू ठेवलं तर तेच पोट एकंदरीत शांत होऊ शकतं. हे दोन हिशोब एकत्र केले की डोक्याचा गोंधळ होतो आणि बरीच माणसं त्या गोंधळातच व्यायाम सोडून देतात. त्यांच्यासाठीच हे लिहितेय, कारण मला यातून वाट सापडली आणि ती सापडायला फार एकटं एकटं वाटलं होतं.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण "माझंही पोट कधीकधी बिघडतं" म्हणणारे खूप भेटतात आणि आयबीएस म्हणजे ते नाही. डॉक्टर लोक यासाठी रोम निकष नावाची एक पट्टी वापरतात, तिची चौथी आवृत्ती 2016 साली आली. त्यानुसार मागचे 3 महिने सरासरी आठवड्यातून किमान 1 दिवस पोट दुखलेलं असलं पाहिजे, आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाला होण्याशी, किती वेळा होते त्याच्याशी, किंवा कशी होते त्याच्याशी, या तिनातल्या किमान दोन गोष्टींशी असला पाहिजे, आणि हे सगळं सुरू होऊन किमान 6 महिने झालेले असले पाहिजेत. कुणाला जुलाबाकडे झुकणारा प्रकार असतो, कुणाला बद्धकोष्ठाकडे, आणि कुणाला दोन्ही आलटून पालटून, मी या शेवटच्या गटातली. 33 देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या पाहणीत या कडक निकषांनी मोजून इंटरनेटवरून विचारलेल्या लोकांपैकी साधारण 4 टक्के लोकांना आयबीएस निघाला होता, म्हणजे पळायला जाणाऱ्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या घोळक्यात आपल्यासारखं कुणीतरी असणारच, फक्त ते बोलत नाही.

आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. हा सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग. दुर्बिणीतून आतडं बघितलं तर ना जखम ना गाठ, सगळं स्वच्छ, आणि मग समोरचा माणूस "टेन्शन घेऊ नका" म्हणून मोकळा होतो. पण आतड्याच्या भिंतीत स्वतःचं एक मज्जातंतूंचं जाळं आहे, कोट्यवधी पेशींचं, ते मेंदूशी सतत दोन्ही बाजूंनी बोलत असतं, आणि आयबीएसमध्ये बिघाड असतो तो या बोलण्यात. गुदाशयात छोटा फुगा फुगवून तपासणी करतात तेव्हा जो ताण इतरांना नुसता जाणवतो तोच आयबीएसच्या बऱ्याच पेशंटना दुखतो. म्हणजे दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नसतात, फक्त ते दुर्बिणीला दिसेल अशा जागी नसतं. हे मला समजलं तेव्हा मी स्वतःशी भांडणं थांबवलं, आणि त्याचा पळण्यावर झालेला परिणाम कुठल्याही औषधाइतका मोठा होता.

आता तो एक तास. आपण पळायला लागलो की पायांच्या स्नायूंना रक्त लागतं आणि शरीर ते पोटाकडून काढून घेतं. व्यायाम जितका जोराचा तितकी ही काटछाट मोठी, अगदी जोराच्या व्यायामात आतड्याकडचं रक्त विश्रांतीच्या वेळेपेक्षा निम्म्याहूनही बरंच कमी होऊ शकतं. त्यात प्रत्येक पावलाला पोटातल्या सगळ्या अवयवांना हिसका बसतो, म्हणून सायकल चालवणाऱ्यांपेक्षा पळणाऱ्यांना खालच्या पोटाचा त्रास जास्त. त्यात उन्हाने अंग तापलेलं, पाणी कमी पडलेलं, आणि शर्यत असेल तर ताणाची हार्मोन्स. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. लांब पल्ल्याच्या खेळाडूंमध्ये 30 ते 50 टक्के लोकांना व्यायामाच्या वेळी पोटाच्या तक्रारी होतात असं या विषयावरच्या लेखांमध्ये सर्रास दिलेलं असतं. ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ हिला 2005 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटचे काही मैल राहिले असताना पोटात कळ आल्यामुळे रस्त्याच्या कडेला, कॅमेऱ्यांसमोर, थांबावं लागलं होतं, आणि तरीही ती 2 तास 17 मिनिटं 42 सेकंदांत जिंकली. तिला आयबीएस होता असं माझं म्हणणं अजिबात नाही. जगातल्या सगळ्यात तयार शरीराचंही पोट असं करू शकतं एवढंच मला त्यातून घ्यायचंय, आणि ते आठवलं की मला अजूनही धीर येतो. आपल्यात आणि इतरांत फरक एवढाच की त्यांचं पोट जिथे कुरकुर करतं तिथे आपलं ओरडतं.

महिन्यांचा हिशोब मात्र वेगळं सांगतो. स्वीडनमध्ये 2011 साली एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला, आयबीएसचे 102 पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडलेले. एका गटाला 12 आठवडे व्यायाम वाढवायला सांगितला, आठवड्यातून 3 ते 5 दिवस, 20 ते 60 मिनिटं, मध्यम ते जोराचा, आणि दुसऱ्या गटाला सांगितलं की आहे तसंच राहा. व्यायामवाल्या गटाची लक्षणं कमी झाली ही बातमी आहेच, पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. नेहमीसारखं राहिलेल्यांपैकी 23 टक्के लोकांचा त्रास त्या काळात स्पष्टपणे वाढला, व्यायाम करणाऱ्यांत तो 8 टक्क्यांचा वाढला. म्हणजे बसून राहणं ही सुरक्षित जागा आहे असं जे आपल्याला वाटतं ना, ते तसं नाहीये. पुढे त्यातल्याच काही पेशंटना सरासरी पाच वर्षांनी पुन्हा गाठलं तेव्हाही त्यांची लक्षणं सुरुवातीपेक्षा कमीच होती. पेशंट थोडे होते आणि अभ्यास संपेपर्यंत काहीजण गळाले होते, हेही सांगायला हवं, तरी दिशा स्पष्ट आहे. ब्रिटनच्या 2008 च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांमध्येही आयबीएसच्या पेशंटला शारीरिक हालचाल वाढवायला सांगा असं लिहिलंय.

गॅसबद्दलही एक अभ्यास आहे, बार्सिलोनातला, 2006 चा. पोट फुगण्याचा त्रास असलेल्या लोकांच्या आतड्यात नळीने हळूहळू गॅस सोडला आणि त्यांना एकदा नुसतं पडून राहायला लावलं, एकदा तिथेच हलकं सायकलिंग करायला लावलं. सायकलिंग केलं तेव्हा गॅस जास्त बाहेर पडला आणि फुगणं कमी राहिलं. संध्याकाळी पोटात गुबारा धरला की मी आडवी पडत नाही, चप्पल घालून चालायला जाते, त्यामागे हा अभ्यास आहे. हलकं चालणं हे या आजारात फार कमी लेखलं जातं. बद्धकोष्ठाच्या दिवसांत तर सावकाश, लांब चालण्याने जे होतं ते दात-ओठ खाऊन पळण्याने होत नाही.

आता खरी मेहनत कुठे असते ते सांगते. पळण्याच्या आधीच्या तासा-दोन तासांत. बाकीचे लोक उठतात, बूट घालतात आणि जातात. आपलं तसं नसतं आणि ते मान्य केलं की सोपं होतं. पोटात काहीतरी गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही प्रतिक्रिया सगळ्यांच्यात असते आणि सकाळी ती सगळ्यात जोराची असते, आयबीएसमध्ये बऱ्याच जणांना ती जरा अतिच असते. मी तिच्याशी झगडत नाही, तिला वेळ देते. उठल्या उठल्या कोमट पाणी, मग थोडी कॉफी. कॉफी काहीजणांच्या मोठ्या आतड्याला काही मिनिटांतच चालना देते, माझ्या देते, म्हणून मी ती निघायच्या तासभर तरी आधी घेते, निघताना कधीच नाही. ज्यांना कॉफीने मुरडा येतो त्यांनी तिच्या वाटेलाच जाऊ नये. मग पहिल्यांदा जाऊन येणं. त्यानंतर मी बूट घालत नाही. थांबते. अंथरूण आवरते, हातपाय मोकळे करते, घरातल्या घरात फेऱ्या मारते, गुडघे वर घेऊन जागच्या जागी थोडी उडते, कारण पोटाला जो हिसका रस्त्यावर बसणार आहे तो आधी घरात बसलेला बरा. बहुतेक वेळा या उड्यांनंतर दुसऱ्यांदा जावं लागतं, आणि ती दुसरी वेळ होऊन गेली की पोट रिकामं झाल्याचा एक विशिष्ट हलकेपणा येतो, बेंबीच्या खाली, डाव्या बाजूला, तो ज्यांना माहितीये त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतेय. तो आला की निघायचं. नाही आला तर घराभोवतीच.

यासाठी लवकर उठावं लागतं आणि हो, ते जिवावर येतं. पण त्या वेळेला मी व्यायामाचाच भाग मानते. वॉर्मअप जसा वेळखाऊ वाटला तरी कुणी त्याला वाया गेलेला वेळ म्हणत नाही तसंच हे.

खाण्याचं. पळण्याआधी मोठं जेवण किमान दोन-तीन तास आधी, आणि त्यात फॅट आणि फायबर कमी, हे कुणालाही लागू आहे, आपल्याला जरा जास्त. फायबर वाईट म्हणून नव्हे, पळण्याच्या तोंडावर नको म्हणून. एरवी विद्राव्य फायबर, म्हणजे इसबगोलसारखं, आयबीएसमध्ये उपयोगी पडतं असं अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या 2021 च्या सूचनाही म्हणतात, फक्त ते थोडं थोडं वाढवायचं आणि वर भरपूर पाणी. गव्हाच्या कोंड्यासारखं रखरखीत फायबर मात्र बऱ्याच जणांचं पोट आणखी फुगवतं.

फॉडमॅपबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. छोट्या आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि पुढे जाऊन आंबणाऱ्या, पाणी ओढून घेणाऱ्या कर्बोदकांचा हा गट, मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीच्या लोकांनी यावर मूळ काम केलं. कांदा, लसूण, गहू, दूध, सफरचंद, मध, आणि शुगर-फ्री गोष्टींमधलं सॉर्बिटॉल ही यातली ओळखीची नावं. यात एक गोष्ट कळकळीने सांगायचीये. हे डाएट तीन टप्प्यांचं आहे. आधी 2 ते 6 आठवडे हे पदार्थ कमी करायचे, मग एकेक गट परत आणून बघायचा, आणि मग आपल्याला जे सोसतं ते सगळं परत खायला लागायचं. लोक पहिल्या टप्प्यातच वर्षानुवर्षं अडकून बसतात, खाणं आक्रसत जातं, पळायला ताकद उरत नाही, आणि पोटातल्या चांगल्या जिवाणूंचीही उपासमार होते. शक्यतो आहारतज्ज्ञांना बरोबर घेऊन करा. पळणाऱ्यांसाठी एक मधली वाट आहे ती मला पटते, रोज इतकं कडक राहायचं नाही, फक्त लांब पळण्याच्या किंवा शर्यतीच्या आधीचे एक-दोन दिवस तेवढे फॉडमॅप कमी करायचे. 11 धावपटूंवर 6 दिवसांचा एक छोटासा प्रयोग झाला होता, त्यात 9 जणांना फॉडमॅप कमी असताना पोटाचा त्रास कमी झाला. अकरा म्हणजे फारच थोडे, पण करून बघायला काही धोका नाही.

आणि डब्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा, प्लीज. आपण जेवणातला कांदा मोजत बसतो आणि प्रोटीन पावडरमधून इन्युलिन नावाचं आंबणारं फायबर आणि गोड चवीसाठी घातलेले सॉर्बिटॉलसारखे शुगर अल्कोहोल सुखाने पोटात ढकलतो. साध्या व्हे कॉन्संट्रेटमध्ये, म्हणजे दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरमध्ये, लॅक्टोज ही दुधातली साखर असते, जास्त शुद्ध केलेल्या आयसोलेटमध्ये ती खूपच कमी असते. पळताना ताकदीसाठी घेतात त्या घट्ट, गोड एनर्जी जेलमध्ये फ्रुक्टोज ही फळांतली साखर जास्त असेल तर आपलं पोट त्यावर हमखास चिडतं, शिवाय घट्ट जेल पाण्याशिवाय घेतलं की आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि मग धावपळ. जेल घ्यायचंच असेल तर अर्धं घ्यायचं, वर पाणी प्यायचं, आणि सरावात आधी घेऊन बघायचं. पोटालाही सराव देता येतो, पळताना थोडं थोडं खाऊन काही आठवड्यांत ते बऱ्यापैकी रुळतं, हे खेळाडूंमध्ये तपासलं गेलंय.

एक गोष्ट अजिबात करू नका, पळायच्या आधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी. गुडघा दुखू नये म्हणून लोक ती सहज घेतात. व्यायामात आतड्याच्या अस्तराला तशीही थोडी इजा होते आणि या गोळीने ती वाढते.

आता भीती. मला वाटतं या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते याच्याबद्दल. आयबीएसवाल्या माणसाचं पळणं आजार जेवढं अडवतो ना त्याहून भीती जास्त अडवते, रस्त्यात काही झालं तर. आणि ही भीती नुसती डोक्यात राहत नाही, मेंदू आणि आतडं बोलत असतात म्हटलं ना, घाबरलं की मोठं आतडं खरंच जास्त हलतं. म्हणजे कळ येईल या भीतीने कळ येते. यावर "घाबरू नकोस" हा उपाय नाही, मला तरी त्याने कधी काही झालं नाही. उपाय म्हणजे भीतीला ठोस उत्तर देणं. मी सरळ एका दिशेला लांब जाऊन परत येत नाही, घराला किंवा एखाद्या खात्रीच्या टॉयलेटला मध्ये ठेवून छोटे छोटे फेरे मारते, दर काही मिनिटांनी तिथून जाते. बहुतेक दिवशी मला थांबावं लागतच नाही, पण थांबता येईल हे माहीत असतं आणि तेवढ्यावर पोट गप्प राहतं. कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये टिश्यू, ओले वाइप्स, एक झिपची पिशवी आणि घडी करून बसवलेली जादा अंडरवेअर. हे सामान बाळगणं म्हणजे हार मानणं आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना म्हणू द्या. दम्याचा पेशंट खिशात पंप ठेवतो, त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. ज्यांना अजून बाहेर पडायचंच धाडस होत नाही त्यांनी ट्रेडमिलवर सुरुवात करावी, त्यात कमीपणा कसला.

आणि तरीही कळ आलीच तर? आधी पळणं थांबवायचं, पूर्ण. तसंच रेटून घरापर्यंत पोचू असं वाटतं पण हिसक्यांनी घाई वाढते. चालायला लागायचं, खांदे सैल, आणि पोट बाहेर येईल असा खोल श्वास, बाहेर सोडताना जास्त वेळ. ही कळ लाटेसारखी असते, आतड्याचा एक मोठा दाब येतो, शिगेला जातो आणि ओसरतो, आणि ती ओसरत असताना आपल्याला थोडा वेळ मिळतो. पहिली लाट येते तेव्हा वाटतं आता काही खरं नाही, मानेवर गार घाम येतो, हाताच्या मुठी वळतात, कानात स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. पण तिला चालत चालत जाऊ दिलं तर बहुतेक वेळा ती जाते, आणि मग समजतं की नुसता गॅस होता की खरंच जायला हवं. नुसता गॅस असेल तर वरच्या बाजूला टोचल्यासारखं होतं, जागा बदलते, चाललं की गुडगुडून मोकळं होतं. खरी घाई खाली, खोलवर असते आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा लवकर येते. दुसरी लवकर आली की मी विचार करत नाही, फेरा अर्धा सोडून सरळ टॉयलेट गाठते. होऊन गेल्यावर बरं वाटत असेल तर पाणी पिऊन हळूहळू परत सुरू, नसेल तर घरी. हा फरक ओळखायला वेळ लागतो पण तो ओळखता यायला लागला की निम्मी भीती जाते.

वेगाबद्दल एवढंच की बोलता बोलता पळता येईल तो वेग आपला. रक्ताची काटछाट वेगावर अवलंबून आहे, त्यामुळे सावकाश पळणं हे आपल्यासाठी दुय्यम दर्जाचं पळणं नाहीये, तेच मुख्य आहे. थोडं पळणं थोडं चालणं, तेही उत्तम. इंटरव्हल्स (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असं आलटून पालटून पळणं), टेकड्या, स्प्रिंट हे पोट शांत असलेल्या आठवड्यात. भर उन्हात नाही. जिममध्ये जड वजन उचलताना श्वास कोंडला की पोटातला दाब वाढतो, तो सोडत उचलायचं, आणि पोट फुगलेलं असताना क्रंचेस करू नयेत, नुसता त्रास होतो. योगासनांवरही अभ्यास झालेत, जर्मनीत 59 पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात 12 आठवड्यांनंतर योगाचा गट आणि लो-फॉडमॅपचा गट, दोघांनाही जवळपास सारखाच फायदा दिसला. म्हणजे खाण्याला हातही न लावता नुसत्या हालचाल आणि श्वासाने एवढं होतं, मला हे फार आशेचं वाटतं.

बायकांसाठी एक जास्तीचं. पाळीच्या सुरुवातीला गर्भाशयाचं आकुंचन करणारी प्रोस्टाग्लँडिन्स आतड्यालाही हलवतात, म्हणून त्या दिवसांत जुलाब आणि कळा वाढतात, आणि त्याआधीच्या आठवड्यात अनेकींना उलट बद्धकोष्ठ आणि फुगणं असतं. हे वहीत मांडून ठेवलं की लक्षात येतं की ज्या दिवशी "आज पोट का बिघडलं, काय खाल्लं मी" म्हणून आपण डोकं धरतो त्यातले कितीतरी दिवस खाण्याशी संबंधितच नसतात. मी माझ्या लांब पळण्याचे दिवस त्या हिशोबाने सरकवते.

गोळ्यांबद्दल जपून लिहिते. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड काही धावपटू शर्यतीच्या आधी घेतात. ते कधी आणि किती घ्यायचं हे डॉक्टरांशीच बोलून ठरवा, विशेषतः दोन्ही प्रकार आलटून पालटून होत असतील तर, कारण पुढचे दिवस मग पोट जाम होतं. आणि शौचातून रक्त पडणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, अ‍ॅनिमिया, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच हा सगळा त्रास सुरू होणं, यातलं काहीही असेल तर त्याला आयबीएस म्हणून गप्प बसू नका, पळण्याचाही संबंध लावू नका, आधी तपासून घ्या.

ज्यांच्याबरोबर पळता त्यांना सांगा, असं मी आग्रहाने म्हणेन. सविस्तर नाही सांगितलं तरी चालेल. मी माझ्या मैत्रिणीला एवढंच सांगितलं होतं, "मला पोटाचा जुना त्रास आहे, मी मध्येच न बोलता वळले तर काळजी करू नकोस, तू तुझं पळ, मी येते मागून." ती म्हणाली, "बरं, मग आपण त्या टॉयलेटच्या बाजूनेच फेरे मारू ना." संपलं. कुणी कुजबुजलं नाही, कुणी सल्ला दिला नाही. लपवण्यात जी शक्ती जात होती ती सगळी पायांना मिळाली असं मला त्या आठवड्यात अक्षरशः वाटलं.

सध्या आमचं दोघींचं अंतर थोडं वाढवायचं चाललंय. लांबच्या दिवसाच्या आदल्या रात्री मी कांदा-लसूण नसलेलं साधं जेवते, सकाळी भात किंवा नुसतं अर्धं केळं, आणि आता पहिल्यांदाच पळताना अर्धं जेल घेऊन बघायचंय, ग्लुकोजवालं, फ्रुक्टोज कमी असलेलं, वर दोन-चार घोट पाणी. त्या आठवड्यात बाकी काहीही बदलणार नाही, ना कॉफीची वेळ ना वेग, म्हणजे काही झालं तर कशामुळे झालं ते कळेल. फेरे नेहमीचेच ठेवलेत.